जावक क्रमांक २११ ते २३३

मंगळवार, १ ऑक्टोबर

ही वही बटालियनची. शिवण उसवली म्हणून रद्दीत निघाली आणि मी घरी आणली, रीतसर नोंद करून. लेओनोर ताई म्हणाली, "बोलत नाहीस तर निदान लिही. नाहीतर एक दिवस फुटशील." मी काही फुटणार नाही. आईला जाऊन एक्केचाळीस दिवस झाले. झोप लागते, जेवण जातं, कचेरीत एकही चूक झालेली नाही. हे ताईला सांगितलं तर ती खाली मान घालून चुन्यो निवडायला लागली. हुलियाकाच्या बाजारात तिचं या गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं दुकान आहे.

दुपारी सुभेदार ब्राउलिओ हुआर्काया कचेरीत आला आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं एकाच वर्षी भरती झालो, एकवीस वर्षांपूर्वी. तो डोंगरात फिरला, मी टाइपरायटरसमोर बसलो.

"निकानोर, तुझं यंत्र हवंय."

"कशाला?"

"मत मागायला."

लिमात म्हणे निवृत्त शिपाई दर बुधवारी एका चौकात उभे राहतात. साधे कपडे, टोप्या हातात, तोंडातून शब्द नाही. 'शिपायालाही मत द्या' एवढा एक फलक. त्यांचा निरोप आहे की नोकरीत असलेल्यांनी लिहिलं तर संसदेत वजन पडेल. मी त्याला नियम सांगितला. वर्दीतल्या माणसाला एकट्याने वरिष्ठांमार्फत अर्ज करता येतो. दोघांनी मिळून केला की तो सामूहिक अर्ज, आणि सामूहिक अर्ज म्हणजे बंड. खटला उभा राहतो.

"मग एकेकट्याने करू," ब्राउलिओ म्हणाला. "तेवीस जण तयार आहेत. तू धरून चोवीस."

मी म्हटलं, मला धरू नकोस, मी लिहून देतो फक्त. आपण भले आणि आपलं काम भलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

तेवीस अर्ज एकाच भाषेत लिहिले तर कुणीही म्हणेल की हे एकाच डोक्यातून आले. तेव्हा प्रत्येकाचा मजकूर वेगळा हवा. मी पद्धत ठरवली. एकेकाला बोलवायचं, विचारायचं, "तुला मत कशासाठी हवं?" आणि तो सांगेल ते, त्याच्याच शब्दांत टाइप करायचं.

पहिला आचारी फोर्तुनातो. हात पुसत आला, खुर्चीवर बसला की खुर्ची ओरडते.

"कारण सांग."

"माझी बायको."

"नीट सांग."

"नीटच सांगतोय. बारा वर्षं ती दर वेळी चुकीच्या माणसाला मत देते. तो निवडून येतो आणि कालव्याचं पाणी स्वतःच्या शेताकडे वळवतो. तिचं मत खोडायला माझं एक हवं. लिही."

"हे असं संसदेला लिहू?"

"मग काय, गोड करून लिहू? मी आचारी आहे, हलवाई नाही."

लिहिलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज पाच झाले. ड्रायव्हर इयानेस म्हणाला, मतदानाच्या दिवशी सगळ्यांच्या बोटाला शाई असते. त्याच्या मुली जेवताना बोटं मोजतात, आईचं आहे, आजीचं आहे, मामाचं आहे, पप्पांचं कुठंय? मी विचारलं, एवढंच कारण? तो म्हणाला, हवालदारसाहेब, तुम्हाला मुलं नाहीत.

ब्राउलिओचा अर्ज सगळ्यांत लांब झाला. नऊ निवडणुकांत त्याने मतपेट्या खेचरावर लादून घाट उतरवले आहेत. एका रात्री बर्फात अडकला तेव्हा पेटी कोरडी राहावी म्हणून स्वतःची घोंगडी तिच्यावर टाकली. डाव्या पायाची दोन बोटं तेव्हाच गेली. तो सांगत होता आणि मी टाइप करत होतो. "आमच्यावर पेटी सांभाळण्यापुरता विश्वास आहे," असं त्याने शेवटी घालायला लावलं.

"तुझा कधी?" उठताना त्याने विचारलं.

"बघू."

"बघू काय? तुझ्याकडे कारण नाही?"

खरं सांगायचं तर नाही. बसून विचार केला, पण कुठे काही हललं नाही. घरी येताना दोन पाव घेतले. घरात शिरल्यावर लक्षात आलं की मी एकटाच आहे, एक पुरला असता. दुसरा उद्या खाईन.

रविवार, १३ ऑक्टोबर

ताईकडे जेवलो. तिला अर्जांचं कुठून कळलं कोण जाणे, बाजार आहे तो, तिथे कळत नाही असं काही नसतं.

"बंदुका तुमच्याकडे आहेत, आता मतंही हवीत?" ती म्हणाली.

"मला नको आहे. मी लिहून देतो फक्त."

"वाईट दिवसांत आपल्या गावात सैन्याचे ट्रक आले होते, आठवतंय ना? त्यातल्यांच्या हातात आता मतही द्यायचं का?"

"त्यात मी नव्हतो, ताई."

"तू कशातच नसतोस." मग तिलाच वाईट वाटलं असावं. माझ्या सूपमध्ये मांसाचा अजून एक तुकडा टाकला. "आई मात्र तुझी चेष्टा करायची. म्हणायची, मला अक्षर येत नव्हतं म्हणून मत नव्हतं. ह्याला पोटाला चिमटा घेऊन अक्षर शिकवलं, तर तो सैन्यात कारकून झाला आणि ह्याचं मत गेलं. ह्या सरकारला नक्की हवंय तरी काय?"

ताई हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. असं करतात म्हणून ठेवला. मला रडू येत नाही, त्याला मी काय करू.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

तेवीसही अर्ज पूर्ण. खाडाखोड नाही, समास सारखा, प्रत्येकी दोन प्रती. सकाळी साडेआठला जावक वहीत चढवले, क्रमांक २११ ते २३३, एका खाली एक. हाताने रेघा ओढल्या. पान इतकं नेटकं झालं की दोन मिनिटं बघत बसलो. मग फाईल कर्नलसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

सोमवार, २१ ऑक्टोबर

कर्नलसाहेबांनी बोलावलं. फाईल नव्हे, जावक वही उघडी होती.

"सुल्का, हे काय आहे?"

"वैयक्तिक अर्ज, साहेब. प्रत्येकाचा मजकूर वेगळा आहे."

"मजकूर मी वाचला. आचाऱ्याच्या बायकोचंही वाचलं. मी हे पान विचारतोय." त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "एक दिवस, एक वेळ, तेवीस क्रमांक ओळीने. एक माणूस आला तर तो अर्ज. तेवीस जण ओळीने आले तर ती रांग. आणि रांग म्हणजे सामूहिक. हे पान लिमातल्या कुठल्याही वकिलाला दाखव, तो दुसरा पुरावा मागणार नाही."

साऱ्या भानगडीतून मजकूर वाचवला आणि माझ्याच सुबक वहीने घात केला. कुठल्या गाढवाने तेवीस अर्ज एकाच सकाळी चढवले असते? फक्त कारकुनाने. कामाचा उरक म्हणून.

त्यांनी अर्धा तास झापलं. "सोमवारी एक आला असता, मंगळवारी एक, तर मी काय करू शकलो असतो? सही करून वर धाडावाच लागला असता. एकवीस वर्षं कारकुनी करतोस, एवढंही कळत नाही? कळतंय का मी काय म्हणतोय?"

"हो साहेब. चूक झाली."

"कळतंय का?"

"हो साहेब."

त्यांनी सुस्कारा टाकला. मग हुकूम दिला. शुक्रवारपर्यंत तेवीस जणांनी अर्ज मागे घेतल्याचं लिहून द्यावं, नाहीतर बंडाचा खटला. "तू स्वतःचा अर्ज केलेला नाहीस, हे मी पाहिलं," असंही म्हणाले. शाबासकी होती की काय ते कळलं नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

माघारीचे तेवीस कागदही मलाच टाइप करावे लागले. ह्यांचा मजकूर सारखा असला तरी चालतो.

लोक एकेक करून आले आणि सही करून गेले. इयानेसने कागद वाचलाही नाही. फोर्तुनातो म्हणाला, "तिकडे बायको जिंकली म्हणायची." ब्राउलिओने आधी नाही म्हटलं. मग साहेबांनी त्याला सांगितलं की एकाने नकार दिला तरी खटला सगळ्यांवर होईल. संध्याकाळी पाचला आला, उभ्यानेच सही केली.

"तुझी ती नेटकी वही," म्हणाला. "पायाची बोटं गेली तेव्हा इतकं दुखलं नव्हतं."

तो जाताना लंगडत होता. एरवी लपवतो.

मूळ अर्ज नष्ट करायचा हुकूम होता. तसं केलं.

शनिवार, २ नोव्हेंबर

काल दुपारी बारा वाजता मृतांचे आत्मे येतात आणि आज बाराला जातात. आईचं पहिलं वर्ष, म्हणून ताईने टेबल मांडलं. काळं कापड, पावाच्या बाहुल्या, उतरून यायला पावाचीच शिडी, क्विनोआचं सूप, आईला आवडायची ती मुन्याची, म्हणजे डोंगरी पुदिन्याची पानं. मधोमध आईचं ओळखपत्र.

"हे कशाला?" मी विचारलं.

"फोटो दुसरा कुठाय तिचा?"

खरंच नाही. आईने आयुष्यात एकदाच फोटो काढला, तो मतदार म्हणून. निरक्षरांना मत मिळालं त्या वर्षी ती सत्तेचाळीसची होती. चार तास चालत गेली होती. ताई सांगत होती की आदल्या आठवड्यात आई चुलीतल्या कोळशाने फरशीवर फुल्या मारायचा सराव करायची. फुली चौकटीबाहेर गेली की स्वतःलाच शिव्या द्यायची. मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा शाळेच्या गावी होतो.

ताई म्हणाली, नोंदणी कचेरीत जाऊन आईचा मृत्यू कळवायचा राहिलाय, ते तुझं काम. मी म्हटलं, निवडणूक झाली की जातो, तिथे आता गर्दी असेल. कारण खोटं नाही.

शेजारणी आल्या, प्रार्थना झाल्या, पाव वाटले. सगळे रडले. मी भांडी घासली.

रविवार, १७ नोव्हेंबर

मतदान. सकाळी सहापासून संध्याकाळी चारपर्यंत शाळेच्या दारावर उभा. कारकुनांनाही उभं करतात, माणसं कमी पडतात. ब्राउलिओ माझ्यासमोर, दाराच्या दुसऱ्या बाजूला. तीन आठवडे बोललेला नाही.

मला वाटलं होतं, बघून त्रास होईल. झाला नाही. लोक बघत होतो, एवढंच. एक बाई, मत न दिल्यास दंड भरावा लागेल म्हणून तापात आली होती. एक जण कालपासून दारू मिळत नाही म्हणून सरकारला शिव्या देत आत गेला. दोघे भाऊ भांडत आले, भांडत गेले. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "बाबा, मी कुणाला द्यायला आलोय?" मी म्हटलं, आजोबा, मला बोलायची परवानगी नाही. तो म्हणाला, "मग तुला उभं कशाला केलंय?" आणि हसत आत गेला. एक तरुण रताळ्याची तळलेली कडी खात आला. बोटं पाकाने चिकट झालेली, त्यांनीच ओळखपत्र काढलं. बाहेर आला तेव्हा अर्धं कडं अजून हातात होतं. मोजून चार मिनिटं.

"तुमची मजा आहे," तो मला म्हणाला. "तुम्हाला हा ताप नाही."

ब्राउलिओने मान फिरवली.

दुपारी गारा पडल्या आणि लोक भिंतीला चिकटले. भिंतीवर मतदारयाद्या डकवल्या होत्या. गर्दी हटली तेव्हा माझ्या डोक्याशेजारच्याच कागदावर आईचं नाव होतं. तोमासा सुल्का, खोली पाच. अजून कमी केलेलं नाही, मी कळवलंच नाही तर कोण करणार. कागदाचा कोपरा वाऱ्याने सुटला होता. मी तो थुंकी लावून चिकटवला. पुन्हा सुटला, पुन्हा चिकटवला. असं चारपर्यंत चाललं. काही वाटलं नाही. फक्त त्या जागेवरून हलावंसं वाटेना. बदलीचा माणूस आला तेव्हा मी त्याला परत पाठवलं.

परतताना ट्रकमध्ये ब्राउलिओ माझ्या शेजारी बसला. "पाहिलं मी," एवढंच म्हणाला आणि कोकाची पानं पुढे केली. घेतली.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी कचेरीत कुणी नव्हतं. यंत्रात कागद घातला. का घातला ते सांगता येणार नाही. बाकीच्यांना विचारायचो तसं स्वतःला विचारलं. नाव? निकानोर सुल्का. हुद्दा? हवालदार, कारकून. मत कशासाठी हवं? इथे हात थांबले.

कडं खाणारा तो तरुण डोळ्यांसमोर आला. मग सरळ लिहून टाकलं.

"मला मतदानाचा हक्क मिळावा ही विनंती. काल मी दहा तास मतदान केंद्राच्या दारावर उभा होतो. आत गेलेल्यांपैकी एकालाही, तुला मत कशासाठी हवं, असं कुणी विचारलं नाही. तेव्हा मीही कारण देत नाही."

वाचून पाहिलं. एवढा छोटा अर्ज मी कधी टाइप केलेला नाही. जावक क्रमांक २६१. त्या पानावर आज दुसरं काही नव्हतं.

कर्नलसाहेबांनी दोनदा वाचलं.

"ह्यात कारण नाही."

"नाही साहेब. माझ्या आईलाही कुणी विचारलं नव्हतं. तिला तर लिहिता-वाचताही येत नव्हतं."

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. मला वाटलं, आता फाडणार.

"आज जावकात आणखी काही आहे?"

"नाही साहेब. एवढंच."

"अखेर डोक्यात शिरलं तर तुझ्या." मी हो म्हटलं, साहेब म्हणतात तर शिरलं असेल. त्यांनी सही केली, शिक्का मारला. "एका माणसाचा एक अर्ज. माझा इलाज नाही, वर पाठवावा लागेल. आणि वरून विचारतील, हा सुल्का कोण, तेव्हा मला काहीतरी केलेलं दाखवावं लागेल. सीमेवरच्या चौकीत बदली. पाच जानेवारीपासून. हुकूम टाइप करून आण."

स्वतःच्या बदलीचा हुकूम स्वतः टाइप केला, जावक क्रमांक २६२. एकही चूक नाही. वर्दीतल्या माणसाने चुकायचं तरी कशाला.

चौकी साडेचार हजार मीटरवर आहे. तिथून ताईच्या बाजारात यायला दोन दिवस लागतात. भीती वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आठ वाजता फोर्तुनातो आला. पांढरी टोपी हातात, केस ओले करून बसवलेले. खुर्ची ओरडली.

"लिही."

"काय?"

"अर्ज. काल साहेबांचा चहा घेऊन मी दाराशीच होतो, सगळं ऐकलं. मागे घेतलेला अर्ज पुन्हा करायला बंदी नाही ना? ब्राउलिओने कलम पाहिलंय. रोज एक. आज स्वयंपाकघर, उद्या इयानेस. त्याने पाळ्या लावल्यात, सगळ्यांत शेवटी तो स्वतः. तू निघायच्या आत होतात सगळे, सुट्ट्या धरून. तो म्हणाला, कारकुनाला सांग, मानलं तुला."

मी तसं काही ठरवलं नव्हतं. मी फक्त माझा एक अर्ज केला होता. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. यंत्रात कागद घातला. समास लावला, तारीख टाकली, नाव, हुद्दा. मग सवयीने विचारलं,

"मत कशासाठी हवं?"

फोर्तुनातोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याच्याकडे उधार मीठ मागितलं.

"तुला कुणी विचारलं? तुझ्या आईला कुणी विचारलं? मला हवं. लिही, हवं."

ह आणि व टाइप केले आणि पुढचं दिसेना. कागदावर पाणी पडलं, शाई पसरली. मला वाटलं, छत गळतंय. मी वरही पाहिलं. मग लक्षात आलं की मी रडतोय, आणि मोठ्याने रडतोय, आणि थांबवता येत नाहीये. नव्वद दिवसांचं एकदम. आई, आई, असं काहीतरी म्हणत होतो. बाहेर इयानेस गाडी धूत होता, त्याने पाणी बंद केलं. फोर्तुनातो उठला नाही, समजूत घातली नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिला.

"कागद बिघडला," थोड्या वेळाने मी म्हटलं.

"दुसरा घाल," तो म्हणाला. "साडेआठला माझी डाळ लागते, पण लागू दे आज."

दुसरा घातला. जावक क्रमांक २६३. आज दुसरं काही नाही.